बत्तीस की चौसष्ट

आमच्या घरमालकांकडे कप दोनच होते. एक त्यांचा आणि एक येणाऱ्याचा. येणारे दोघं असले की वरच्या गॅलरीतून हाक यायची, "सूनबाई, एक कप पाठवा." पाठवा म्हणजे काय, मीच हातातलं काम टाकून जिना चढायचा. एकदा मी कपाबरोबर बशी नेली तर ती त्यांनी तिथल्या तिथे परत दिली. म्हणाले, "हिचं काही काम नाही." मी खाली येऊन ह्यांना म्हटलं, हा माणूस एक नंबरचा चिक्कू आहे, स्वतःची इमारत आहे आणि तिसरा कप घ्यायला जिवावर येतंय.

इमारत म्हणजे तरी काय, डोंबिवली पश्चिमेला कोपरच्या बाजूला तळमजला आणि वर एक मजला. खाली आम्ही भाडेकरू, वर ते एकटे. लग्न केलेलं नव्हतं. का नाही केलं असं कोणी विचारलं तर सांगायचे, "गरज पडली नाही." एवढंच. पुढचा प्रश्न विचारायची सोयच नाही. आम्ही तिथे राहायला गेलो तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलेलं. त्या बाजूला अजून थोडी भातशेती होती, संध्याकाळी खाडीवरचा वारा सरळ घरात यायचा. आता तिथे काय आहे ते विचारू नका. काका, म्हणजे आमचे हे घरमालक, गेले त्यालाही बरीच वर्षं झाली. पण दुकानात कोणी "थोडं जास्तच घेऊन ठेवा ना मॅडम" म्हटलं की अजून मला त्यांचा चेहरा दिसतो.

ते चिक्कू नव्हते हे कळायला मला चांगलं वर्ष लागलं. चिक्कू माणसाला दुसऱ्याचं फुकट मिळालं की तो सोडत नाही. हे सोडायचे. मी थालीपीठं पाठवली की एक ठेवून घ्यायचे, बाकीची परत. अंगाच्या साबणाची वडी पार झिजल्याशिवाय दुसरी घरात यायची नाही. कांदे आणायचे ते दोन. पाहुणा मुक्कामाला आलाच तर त्याला पलंग देऊन स्वतः जमिनीवर झोपायचे, आणि त्याचं त्यांना काही वाटायचं नाही. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्याचं स्टोअर त्यांनी जन्मभर सांभाळलेलं, त्यातून आलेलं हे सगळं. मला समजावून सांगायचे, "सूनबाई, जास्तीचा माल आला की तो सांभाळायला माणूस लागतो. त्या माणसावर लक्ष ठेवायला साहेब लागतो. आणि साहेब आला की कारखाना बुडतो." हे सगळं अगदी गंभीर चेहऱ्याने. मला हसू आवरायचं नाही.

त्यांच्या कारखान्यात स्टोअरमध्ये पहिला कॉम्प्युटर आणून ठेवला तेव्हा बाकीचे कारकून धसकले, आता आपल्या नोकऱ्या जाणार म्हणून. काका उलट त्याच्या प्रेमातच पडले. जेवणाच्या सुट्टीत त्याच्यासमोर बसायचे, साहेबाकडून जाडजाड पुस्तकं मागून घरी आणायचे. पुढे स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि वरच्या खोलीत स्वतःचं मशीन जोडलं. त्यासाठी लागणारे सुटे भाग ते मुंबईहून आणायचे, ते भाजीच्या पिशवीत, आणि वर मेथीची जुडी. पिशवीत मेथी दिसली की खिसेकापू फिरकत नाहीत म्हणे. त्या मशीनला बाहेरचा डबाच नव्हता, सगळी आतडी उघडी. मी म्हटलं, काका, धूळ बसेल, मी कव्हर शिवून देते. तर म्हणाले, "नको. आत्ता रोज फडक्याने पुसतो. झाकलं तर पुसायचं राहून जाईल."

मग नव्वदच्या पुढे घरोघरी कॉम्प्युटर यायला लागले आणि आमच्या जिन्यावर वर्दळ सुरू झाली. पेपरात जाहिराती यायच्या, चार एमबी, आठ एमबी, आणि कोणाला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. मेमरी जास्त घेतली की मशीन चांगलं, एवढंच सगळ्यांनी ऐकलेलं. पण किती जास्त? शेजाऱ्याने आठ घेतली म्हणून आपण सोळा घ्यायची का? काकांकडे विचारायला यायचे ते हेच. काका काही विकत नव्हते, पैसे घेत नव्हते, पण जिन्यात उभ्या उभ्या आकडा कधी सांगायचे नाहीत. "काम बघायला घरी येईन," म्हणायचे. आणि खरंच जायचे. मुलगी बघायला आल्यासारखं सगळं घर नटूनथटून बसलेलं, मधे टीपॉयवर पोहे, आणि काका खुर्चीत बसून विचारताहेत, कोण वापरणार, काय करणार, एका वेळी किती कामं उघडून ठेवणार.

मला मेमरी म्हणजे काय ते त्यांनी आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून समजावलेलं. "हार्ड डिस्क म्हणजे हे तुमचे फळीवरचे डबे. आणि मेमरी म्हणजे हा ओटा. ओटा लहान असला की एक डबा खाली घेण्याआधी दुसरा वर ठेवावा लागतो. त्या वर-खाली करण्यात वेळ जातो, म्हणून मशीन घरघरतं." मी म्हटलं, मग मोठा ओटा घेतलेला बरा. तर म्हणाले, "तुम्ही दोन माणसांचा स्वयंपाक करता. लग्नघराचा ओटा काय करायचाय?"

त्यामुळे त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. चार की आठ, तर चार. पुढे आठ की सोळा, तर आठ. आकडे दुप्पट होत गेले, काकांचं उत्तर मात्र सदा धाकटंच. "आतली एक खाच रिकामी ठेवा. पुढच्या वर्षी हीच मेमरी स्वस्त होईल, तेव्हा मला बोलवा. येऊन बसवून देईन." आणि व्हायचीही स्वस्त. लोक बोलवायचे, काका स्क्रू ड्रायव्हर खिशात टाकून जायचे, तास-दोन तास तिथे रमायचे. आमचे हे म्हणायचे, "काकांनी पुढच्या वर्षीच्या पोह्यांचा बंदोबस्त करून ठेवलाय." ह्यांची ही सवय आहे, कोणाचंही काहीही काढायचं. पण मला वाटतं त्यात थोडं तथ्य होतं. एकटा माणूस, त्याला कोणीतरी आवर्जून बोलावलेलं हवंच असणार.

त्यांच्या ह्या बघायला जाण्याच्या गमती पुष्कळ. मागच्या गल्लीतल्या डॉक्टरांना सगळ्यात मोठी मेमरी हवी होती, कारण त्यांच्या साडूने तेवढी घेतलेली. काका सकाळभर दवाखान्यात पेशंटच्या बाकावर जाऊन बसले. दोन पेशंटनी त्यांना पुढे जा, पुढे जा म्हणून जागा करून दिली. शेवटी आत गेले आणि डॉक्टरांना म्हणाले, "तुम्हाला कॉम्प्युटर नको, कप्प्यांचं कपाट हवंय." डॉक्टर सहा महिने बोलत नव्हते. दिवा गावात एका फोटोग्राफरकडे गेले तर नेमकं तेव्हाच नळाला पाणी आलेलं. दोन दिवसांनी आलेलं पाणी, सगळं बिऱ्हाड बाहेर रांगेत. काका शर्टाच्या बाह्या दुमडून कळशा वाहत बसले, कॉम्प्युटरचं बोलणं राहूनच गेलं. भिजून घरी आले ते खुशीत होते.

एकच गोष्ट त्यांना जमायची नाही. चुकलो म्हणायची. एकदा आमचा फ्यूज त्यांच्यामुळे उडाला. त्यांनी तो बसवून दिला, वर दोन वायरी बदलून दिल्या, पण तोंडातून चकार शब्द नाही. कोणी दाखवून दिलं तर ऐकायचेच नाहीत असं नाही. ऐकायचे, वर जायचे आणि दोन दिवस खाली फिरकायचे नाहीत.

आता वन्संचं सांगते. वन्सं म्हणजे ह्यांची मोठी बहीण. त्यांनीही लग्न केलं नव्हतं, आमच्याकडेच असायच्या. ठाण्याला एका छापखान्यात अक्षरजुळणी करायच्या. लागल्या तेव्हा शिशाचे खिळे उचलून एकेक ओळ जुळवायच्या, बोटं काळी व्हायची. पुढे कॉम्प्युटर आला तर त्यावर शिकल्या. दिवाळी अंकांच्या दिवसांत घरी यायला त्यांना कितीही उशीर झाला तरी चेहरा फुललेला असायचा. पगार झाला की घरात काहीतरी घेऊन यायच्या आणि माझ्या हातात ठेवून म्हणायच्या, "मोडू नकोस गं माझी सवय." मी कधी नको म्हटलं तर रागवायच्या. भावाकडे राहते पण भावावर राहत नाही, हा त्यांचा ताठा होता, आणि मला तो फार आवडायचा.

अठ्ठ्याण्णव साल असावं. छापखान्याच्या माळ्यावरून उतरताना शिडी निसटली आणि वन्सं पाठीवर पडल्या. मणक्याला मार बसला. हॉस्पिटल झालं, पट्टे झाले. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, चालता येईल थोडंफार, पण बसता येणार नाही. जेवणापुरतं बसा, बाकी आडवं राहायचं. कायमचं का, विचारलं तर म्हणाले, बघू.

वन्सं रडल्या-बिडल्या नाहीत. त्यांनी काय केलं, एकेक गोष्ट बंद करायला लागल्या. रात्रीचं दूध नको. केसांना रोज तेल नको, आठवड्याने चालेल. मग एक दिवस म्हणाल्या, दुपारचा चहा माझ्यासाठी टाकू नकोस, हल्ली मला जात नाही. बाई गं, चहा जात नाही म्हणे. आयुष्यभर छापखान्यात दुपारच्या चहावर जगलेली बाई. मला कळत होतं, माझ्या हातचं एकेक काम त्या कमी करताहेत. मी चहा नेला तर तो तसाच निवायचा. मला इतका राग यायचा आणि तितकंच रडूही यायचं.

छापखान्याचे मालक बघायला आले तेव्हा म्हणाले, घरून करून देत असाल तर काम देतो, पण दिवाळी अंकांचा मजकूर यायला लागेल त्याच्या आत सुरू झालं पाहिजे, नाहीतर मला दुसरं माणूस घ्यावं लागेल. माणूस वाईट नव्हता, त्याचाही धंदा होता. आता आडवं राहून काम करायचं तर टेबलावरचा कॉम्प्युटर काय कामाचा? लॅपटॉप पाहिजे. तोवर आम्ही लॅपटॉप फक्त जाहिरातीत पाहिलेला. वन्संचे फंडाचे पैसे आलेले, ते सगळे त्यात घालायचे ठरलं. म्हणजे घेणं एकदाच होणार होतं. ह्यांनी पाटाला पाय ठोकून पलंगावर मावेल असं उतरतं टेबल केलं. वन्सं उताण्या, गुडघ्याखाली उशी, आणि पोटावर हे टेबल. ठाण्याच्या एका दुकानदाराने मशीनही सांगितलं. त्याच्यात बत्तीस एमबी मेमरी होती. आणखी बत्तीस घालून चौसष्ट करता येत होती, पण ती आत्ताच सांगायला हवी होती, कारण ह्या मॉडेलची मेमरी पुढच्या वर्षी मिळेल याची खात्री नाही, असं तो म्हणाला.

म्हणजे काकांची खाच रिकामी ठेवायची युक्ती इथे चालणार नव्हती. आत्ता काय ते ठरवा.

काका रीतसर बघायला आले. मी पोहे केले. पलंगाजवळ खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, "ताई, नुसती अक्षरंच ना? चित्रं, फोटो?"

"फोटो नाहीत. कथा, लेख, कादंबऱ्या."

"मग बत्तीस पुरे. अक्षरं गरीब असतात, ती जागा खात नाहीत. उरलेल्या पैशांत दुसरी बॅटरी घ्या. आपल्याकडे शुक्रवारी वीज जाते, तेव्हा उपयोगी पडेल."

बोलणं अगदी रास्त होतं. ह्यांनी मानही डोलावली. वन्सं हळूच म्हणाल्या, "काका, छापखान्यातलं बत्तीसचं मशीन अडायचं. पानाची खिडकी, टायपाची खिडकी, लेखकाची फाइल, तिन्ही उघडी लागतात. एकीतून दुसरीत गेलं की घरघरत राहायचं."

"अडलं तर जरा थांबायचं," काका पोह्यांतला शेंगदाणा शोधत म्हणाले. "थोडं थांबल्याने काही बिघडत नाही."

वन्सं वर पंख्याकडे बघत होत्या. आवाज चढवला नाही त्यांनी. "काका, तुम्ही हे खुर्चीत बसून सांगताय," म्हणाल्या.

काकांनी बशी खाली ठेवली, अर्धे पोहे तसेच. ह्या माणसाने ताटात शीत टाकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. उठले, चपला घातल्या आणि जिना चढून गेले.

मग सुरू झाला अबोला. वरून हाक नाही, कप नाही, काही नाही. मला दोघांचाही राग आलेला. काकांचा, कारण आजारी बाईचं एवढंसं बोलणं लागतं म्हणजे काय. आणि वन्संचा, कारण दुसऱ्या दिवशी त्या ह्यांना म्हणाल्या, "काका म्हणतात तेच घे. बत्तीस. मी घेईन भागवून." हे म्हणाले, तेच बरं, काकांचं आजवर कधी चुकलेलं नाही. मी भांडी जरा जोरातच आपटली. चहा बंद केला, तेल बंद केलं, आणि आता ज्याच्यावर पोट भरायचं त्यातही भागवून घेणार. मी ह्यांना आत बोलावून सांगितलं, तुमच्या बहिणीच्या पोटापाण्याचं आहे, दोन दिवस थांबा, दुकानदाराला काही कळवू नका. ते म्हणाले, "आणि दोन दिवसांनी काय होणारे?" मला तरी कुठे माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दारात काका. एका काखेत सतरंजीची गुंडाळी, दुसऱ्या काखेत उशी आणि खांद्याला ती भाजीची पिशवी. पिशवीतून त्यांनी मेथीची जुडी काढून माझ्या हातात दिली आणि तिच्याखालून लॅपटॉप काढला. दुकानदाराकडून एका दिवसाच्या बोलीवर आणलेला, बत्तीसवाला. "सूनबाई, मी आज इथेच आहे," म्हणाले आणि वन्संच्या पलंगाशेजारी सतरंजी अंथरून सरळ उताणे झोपले.

साठी उलटलेला माणूस, पायजमा आणि हाफ शर्ट, आमच्या घरात जमिनीवर. उशी गुडघ्याखाली घेतली, माझ्याकडून पोळपाट मागून घेतला, तो पोटावर तिरका धरला आणि त्यावर लॅपटॉप. "असंच ना ताई?"

"मान एवढी वर नाही चालत मला," वन्सं म्हणाल्या.

त्यांनी मान खाली घेतली. "आता?"

"आता बरोबर. पण तुम्हाला पडदा दिसायचा नाही. वाकडा करा थोडा."

काकांना मराठी टायपिंग येत नव्हतं. वन्सं पलंगावरून एकेक अक्षर सांगत होत्या आणि काका एका बोटाने ते शोधत होते. एक परिच्छेद व्हायला किती वेळ लागला देव जाणे. मग वन्सं म्हणाल्या, आता पानावर जा आणि ही चूक दुरुस्त करा. काका गेले आणि मशीन घरघरायला लागलं. छोटा दिवा लुकलुकत राहिला. काकांचे दोन्ही हात हवेत.

"काका, हात खाली घ्या की," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे नाही, वन्संकडे बघितलं. "तुम्ही घेता?"

"नाही घेत. खाली घेऊन परत वर उचलताना पाठीत कळ येते."

"मग मीही नाही घेणार."

दिवसभर हे चाललं. चहा आणला तर आडव्याने पिता येईना, तो तसाच गार झाला. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "ताई, तुम्ही दुपारचा चहा कसा पिता?" वन्सं म्हणाल्या, बंद केलाय. काकांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी पदराने उगाच पोळपाटाची कड पुसली. मधे दारावर कोळीण आली, नेहमीची, खाडीवरून मासे घेऊन यायची ती. आत डोकावून म्हणाली, "काय झाला गो, म्हातारा परला का काय?" काका जमिनीवरूनच म्हणाले, "पडलो नाही. कामावर आहे." ती हसत हसत गेली आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला कळलेलं की काकांना काहीतरी झालंय. दोघं-तिघं बघून गेले. मागच्या गल्लीतले डॉक्टरसुद्धा येऊन गेले. नाडी बघू का म्हणाले, काकांनी नको म्हटलं. एक संडास सोडला तर काका उठले नाहीत. अडलं की दर वेळी हात हवेत, डोळे त्या लुकलुकणाऱ्या दिव्यावर. दुपारनंतर त्यांचे खांदे थरथरायला लागले ते मला दिसत होतं. वन्सं दोनदा म्हणाल्या, काका, पुरे आता. ते म्हणाले, "तुमची कामाची पाळी संपली का?"

हे ऑफिसातून आले तेव्हा काकांना उठता येईना. ह्यांनी काखेत हात घालून उभं केलं. पलंगाचा दांडा धरून ते थोडा वेळ नुसते उभे राहिले, मग म्हणाले, "चौसष्ट घ्या. बॅटरी नको."

"पण काका, शुक्रवारी?" ह्यांनी विचारलं.

"शुक्रवारी वीज गेली तर सगळी डोंबिवली थांबते. यंत्र अडलं तर ही एकटी थांबते." दम खात होते, तरी बोलत राहिले. "बसलेल्या माणसाचं यंत्र अडलं तर तो उठतो, पाणी पितो, खिडकीत जातो. आपण थांबलोय हे त्याला कळतसुद्धा नाही. हिला ते थांबणं हात वर धरून करायचंय. चौसष्ट घ्या."

सतरंजी गुंडाळली, लॅपटॉप पिशवीत घातला आणि गेले. चुकलो वगैरे काही नाही. तेवढ्यात ह्यांना चेष्टा सुचलीच, म्हणाले, "काकांनी चुकलो म्हटलं का गं? मला ऐकू नाही आलं." मी त्यांना डोळ्यांनी गप्प केलं, कारण वन्संनी तोंड भिंतीकडे केलेलं. पडल्यापासून पहिल्यांदा रडत होत्या. मी जवळ जाऊन बसले. बऱ्याच वेळाने त्यांनी नाक पुसलं आणि म्हणाल्या, "अगं, चहा आहे का थोडा?"

दिवेलागणीची वेळ होती. मी अर्धवट चिरलेली मेथी तशीच टाकून आधण ठेवलं. चांगला मोठा कप भरून दिला, आलं घालून, आणि त्यांनी तो कुशीवर वळून शेवटपर्यंत प्यायला.

लॅपटॉप आला, चौसष्टवाला. दिवाळी अंकांचं काम वेळेत सुरू झालं. सुरुवातीला वन्सं थोडा वेळच करायच्या, मग वेळ वाढत गेला. छापखान्याचा माणूस आठवड्यातून दोनदा फ्लॉपी न्यायला यायचा. महिना झाल्यावर वन्संनी माझ्या हातात काहीबाही ठेवलं आणि म्हणाल्या, मोडू नकोस गं माझी सवय. मी गुपचूप घेतलं. पुढे आणखी एका प्रकाशकाचं काम आलं, मग तिसऱ्याचं.

काका मात्र आमच्याकडे कमी यायला लागले. येणार कशाला, मशीनमध्ये आता घालायलाच काही जागा उरली नव्हती. जिन्यात भेटले की विचारायचे, "अडतं का?" मी म्हणायचे, नाही हो काका. "बरं," म्हणायचे आणि वर जायचे. मला वाईट वाटायचं. आपल्याच तोंडाने स्वतःचं येणं बंद करून घेतलं ह्या माणसाने. मी दोन-तीनदा पोह्यांना बोलावलं, तर येऊन बसले, पण काम नसताना खाताना त्यांना अवघडल्यासारखं व्हायचं. वन्संनी विषय काढला नाही. दोघंही तसलेच, कोण आधी बोलणार?

वर्ष झालं असेल. रविवार होता. दारात एक अनोळखी गृहस्थ उभे, चाळिशीचे, हातात जाहिरातीचं कात्रण. म्हणाले, "बाळकुमहून आलोय. लॅपटॉप घ्यायचाय, मेमरी किती घ्यावी ते विचारायला वरच्या काकांकडे गेलेलो."

"मग? नाहीत का घरी?"

"आहेत ना. पण ते म्हणाले, आधी खाली जा. खाली एक ताई आहेत, त्यांना विचार, त्या सांगतील तेवढी घे." ते जरा घुटमळले. "मी म्हटलं, तुमचं नाव ऐकून आलोय, तुम्हीच सांगा. तर म्हणाले, मी खुर्चीत बसून सांगतो, माझं एकदा चुकलेलं आहे."

आतल्या खोलीत टायपिंगचा आवाज चालू होता तो थांबला. मी वळून बघितलं. वन्सं पंख्याकडे बघत होत्या, ओठ घट्ट मिटलेले. डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळत होतं आणि हात उचलला की पाठीत कळ येते म्हणून त्यांना ते पुसताही येत नव्हतं. मी पुढे होऊन पदराने पुसलं.

"आत पाठव त्यांना," वन्सं म्हणाल्या. छापखान्यात फोनवर बोलायच्या तो आवाज, वर्ष-दीड वर्षात मी ऐकला नव्हता.

गृहस्थ आत आले आणि पलंगाजवळच्या खुर्चीत अंग चोरून बसले.

"कोणासाठी घ्यायचाय?" वन्संनी विचारलं.

"वडिलांसाठी. शिक्षक होते. त्यांना लिहायचंय, पण आता अंथरुणातच असतात."

"अस्सं," वन्सं म्हणाल्या. "मग मला आधी सांगा, ते कोणत्या कुशीवर झोपतात?"